तेलाचा पिपा लवकर का संपला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

13 नोव्हेंबर 2025 च्या तुमच्या अंकात पहिल्या पानावर बातमी होती, की ऑक्टोबर महिन्यात किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आला आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंचा तर शून्याच्याही खाली, उणे 5.02. मी हनुमाननगरात, मेडिकल चौकापासून पायी दहा मिनिटांवर, घरगुती मेस चालवते. 2006 साली सहा मुलांवर सुरू केली, आज अडतीस मेंबर आहेत. त्यातल्या एका एमपीएससीवाल्यानं सकाळच्या जेवणाला पेपर ताटाशेजारी उघडला, बातमी मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "काकू, उणे पाच टक्के. म्हणजे तीन हजारातले दीडशे परत द्या."

पोट्टे हसले, मीही हसले. पण दुपारी सगळं आवरल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं. तो खोटं बोलत नव्हता. पेपरात तसंच छापलेलं होतं. म्हणून मी माझी वही काढली.

रोजचा बाजार लिहून ठेवायची सवय माझ्या सासऱ्यांची. ते इतवारीत एका धान्याच्या दुकानात मुनीम होते. मेस सुरू केली त्या दिवशी त्यांनी मला लाल पुठ्ठ्याची वही आणून दिली आणि सांगितलं, भाव तर सगळेच लिहितात, तू मापही लिहीत जा. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. जुन्या माणसांना पायली, कुडो, शेर असं बोलायची सवय, त्यातलंच हेही, असं समजून मी लिहीत गेले.

आता त्या उणे पाचाचं बघू. माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं, पण टक्केवारी मला येते. हा आकडा यंदाच्या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरशी तुलना करून निघतो. आणि मागच्या ऑक्टोबरात हेच खाण्यापिण्याचे भाव 10.87 टक्क्यांनी चढलेले होते. म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरात शंभर रुपयांना आलेलं सामान 2024 मध्ये एकशे अकराच्या घरात गेलं आणि यंदा एकशे पाचाला आलं. उतरलं हे खरं. पण शंभराच्या खाली नाही गेलं. आमचा एमपीएससीवाला हे गणित परीक्षेत बरोबर सोडवतो, ताटावर बसला की विसरतो.

भाज्या उतरल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत कॉटन मार्केटला कांदा 60 रुपये किलो घेतल्याची नोंद आहे, यंदा 22. टमाटर 80 चे 30 झाले. लसणानं तर 2024 च्या सुरुवातीला आणि पुन्हा वर्षाच्या शेवटी 400 दाखवला होता. त्या महिन्यांत रविवारचा रस्सा मी फक्त अद्रकावर मारून नेला आणि एकाही पोट्ट्यानं तो सावजी आहे असं म्हटलं नाही. 2023 च्या जुलैत टमाटर दीडशेच्या वर गेले तेव्हा महिनाभर घरात टमाटर आणला नाही. चिंच होती, आमचूर होता, अंबाडीची भाजी होती. वरणात चिंचेचा कोळ घातला की कोणाला कळतही नाही. भाजीची महागाई मला कधी फार छळत नाही, कारण तिला पर्याय असतो. कोबी महागली तर कोहळं, कोहळं महागलं तर बरबटी. भाजीवाली सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट द्यायची बंद झाली की समजायचं भाव चढलेत, आणि मुठीनं द्यायला लागली की उतरलेत. त्यासाठी मला दिल्लीचा आकडा लागत नाही.

तेलाचं तसं नाही. तेलाला पर्याय तेलच. त्याच सरकारी तक्त्यात तेल-तुपाची वाढ ऑक्टोबरातही दोन आकडी होती. ती ओळ तुमच्या बातमीत शेवटून दुसरी होती, म्हणून बहुतेकांनी वाचली नसेल. 14 सप्टेंबर 2024 ला, गणपती बसलेले असताना, केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावर शून्याचं 20 टक्के आयात शुल्क केलं आणि रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. माझ्या वहीत सोयाबीन तेलाचा पिपा 10 सप्टेंबरला 1,690 रुपये आहे आणि 20 सप्टेंबरला 1,990. दुकानात माल जुनाच होता, भाव नवा होता. पुढे 2025 च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क 20 चं 10 केलं. वहीत जूनचा पिपा 2,120 आणि जुलैचा 2,160. तो उतार कुठं अडकला, मला अजून सापडलेला नाही.

पण हेही मी सहन केलं असतं. भाव वाढला तर निदान दिसतो. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

यंदा मारबतीचा दिवस 23 ऑगस्टला होता. काळी आणि पिवळी मारबत, मागून बडगे, असे पुतळे मिरवत नेतात आणि लोक ओरडतात की रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. त्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी सोमवारी गेले. किराणा ओळीत नेहमीच्या दुकानदारानं माझा नेहमीचा पिपा 2,180 सांगितला. मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाला, ताई, हा दुसरा घ्या, 2,060. तेल तेच, कंपनी दुसरी. पिपा दिसायला सारखा, उंचीला सारखा, वर 15 चा आकडा मोठ्या अक्षरात. पिप्यामागे 120 रुपये वाचतात म्हणून मी दोन उचलले. ई-रिक्षात बसताना मनात म्हटलं, मारबत पावली.

आमच्याकडे दिवसाला सव्वा किलोच्या आत, म्हणजे 1,200 ग्रॅमच्या आसपास तेल लागतं. पंधरा किलोचा पिपा बारा दिवस जाऊन तेराव्या दिवशी सकाळी संपतो. हे इतकं ठरलेलं आहे, की पिपा फोडल्याची तारीख मी वहीत लिहिते आणि पुढच्या खरेदीचा दिवस त्यावरून धरते. नवा पिपा बाराव्या दिवशी दुपारीच तळाला आला. वाटलं, महालक्ष्म्यांचं जेवण झालं, तळण जास्त झालं असेल. दुसरा फोडला. पितृपक्षात चार मेंबर गावी गेलेले, त्यांचे खाडे धरले तर उलट जास्त दिवस जायला हवा होता. तोही बारावा दिवस पुरा करू शकला नाही.

आणि मग माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक मदतनीस बाई आहे. दिघोरीकडून सायकलीवर येते. उरलेल्या पोळ्या ती नेते, मीच देते. मला वाटलं, पोळ्यांसोबत तेलही जाऊ लागलं की काय. तोंडानं काही बोलले नाही. पण पुन्हा दोन पिपे आणले, तेच स्वस्तातले, आणि तिसरा फोडला त्या दिवशी डब्यात तेल काढल्यावर बाहेरून बॉलपेननं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुसरी रेघ.

तिसऱ्या दिवशी ती रेघेकडे बघत उभी होती. मला म्हणाली, "काकू, तेल मोजून देत जा न मले. मंग तुमचाबी जीव शांत अन् माहाबी."

मी म्हटलं, तसं काही नाही, हिशोबाला बरं पडतं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी पोळ्या न घेताच गेली.

त्या रविवारी रद्दीवाला आला. महिन्याची रद्दी, दोन खाली पिपे, थोडे पुठ्ठे असं काढून ठेवलं होतं. त्याच्याकडे तो हुकाचा इलेक्ट्रिक काटा असतो. काय वाटलं कोण जाणे, मी आतून न फोडलेला चौथा पिपा ओढत आणला आणि म्हटलं, भाऊ, हा लाव बरं काट्याला. साडेचौदा किलोच्या जरा वर आकडा आला. खाली पिपा लावला तर तो एक किलोला थोडा कमी. म्हणजे आत तेल पावणेचौदाच्या आत-बाहेर. रद्दीवाला म्हणाला, "काकू, पंधरा कुठं आहे यात?" मग मी चष्मा आणला आणि लेबल पहिल्यापासून वाचलं. मोठ्या 15 च्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: लिटर. त्याच्याही खाली, आणखी बारीक: 13.65 किलो.

फसवणूक म्हणावी तर नाही. सगळं छापलेलं होतं. सोयाबीनचं एक लिटर तेल वजनाला 910 ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यानं गुणलं की बरोबर 13.65 येतात. दुकानदारानंही 15 चा पिपा म्हणून दिला, किलोचा आहे असं तो बोललाच नव्हता. मीही विचारलं नव्हतं, कारण एकोणीस वर्षं ते विचारायची गरजच पडली नव्हती.

गणित करून बघा. 2,180 ला 15 किलो म्हणजे किलोला 145 रुपये 33 पैसे. 2,060 ला 13.65 किलो म्हणजे किलोला जवळपास 151. एका पिप्यामागे 120 रुपये वाचले समजत होते, तिथे 76 रुपये जास्त मोजत होते. चार पिप्यांचे तीनशे चार. रक्कम मोठी नाही. पण तीनशे रुपयांत मी नऊ वर्षांच्या माणसावर संशय घेऊन बसले, तो हिशोब वहीच्या कोणत्या रकान्यात लिहायचा?

सोमवारी ती आल्यावर मी पिपा तिच्यासमोर ठेवला, लेबल वाचून दाखवलं, किलो आणि लिटर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले तं वाटलं, तुमी मले कामावून काढता." माफी मागायची होती. जमलं नाही. दिवाळीला साडी जरा बऱ्यातली घेतली, तिला काय ते समजलं असेल.

हे एका पिप्यापुरतं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. त्यानंतर मी दुकानात प्रत्येक पाकीट उलटून बघायला लागले. पूर्वी तेलाचं पाकीट म्हणजे एक लिटर, 910 ग्रॅम. आता त्याच आकाराच्या पाकिटांवर 850 आहे, 800 आहे, 750 आहे. फक्त तेलच नाही. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच आहे, पण आत बिस्किटं कमी. चहाची पुडी तशीच. याचं कारण मी एका वकील मेंबरकडून समजून घेतलं. पूर्वी तेल, डाळ, कणिक, चहा, बिस्किटं अशा रोजच्या वस्तूंची पाकिटं ठरलेल्या मापातच काढावी लागत. पाव किलो, अर्धा, एक, दोन, पाच असं. 2021 च्या नोव्हेंबरात अधिसूचना निघाली आणि ही सक्ती काढून टाकली. त्याबदल्यात पाकिटावर एका मापाचा भाव छापायचा असं ठरलं, म्हणजे गिऱ्हाइकाला तुलना करता येईल.

कल्पना चांगली. पण तो भाव एकदा वाचून बघा. एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला छापतात आणि लिटरच्या आतल्यावर मिलिलिटरला. ग्रॅमला 0.15 रुपये. तेल कोण ग्रॅमनं विकत घेतं हो? आणि दोनच दशांश स्थळं असल्यामुळे किलोला 146 असो की 154, दोन्ही पाकिटांवर 0.15 च येणार. किलोमागे आठ रुपयांचा फरक त्या 0.15 च्या पोटात गुडूप. त्यातून एका पाकिटावर ग्रॅम, शेजारच्यावर मिलिलिटर. गिऱ्हाइकानं दुकानात उभं राहून 910 नं भागायचं की मागच्या रांगेला वाट द्यायची?

माझा भाऊ भिवापूर तालुक्यात सोयाबीन आणि तूर पेरतो. दिवाळीत भाऊबीजेला आला तेव्हा त्याचं सोयाबीन नुकतंच 4,200 नं गेलं होतं, हमीभाव 5,328 असताना. माझा पिपा बघून म्हणाला, "माहा सोयाबीन मातीमोल अन् तुहं तेल सोन्याच्या भावानं, मंधात कोण खाते सांग." मी त्याला माझ्या परीनं सांगितलं, की क्विंटलभर सोयाबीनमधून तेल अठरा किलोच्या आसपासच निघतं, बाकी ढेप, म्हणजे पेंड, ढेपेला भाव नसला की सोयाबीनला नसतो, आणि आपल्या देशात लागणाऱ्या तेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येतं, म्हणून भाव तिकडच्यावर ठरतो. तो म्हणाला, "तू लय शिकली," आणि करंजी उचलली. पण त्याचं सोयाबीन अजूनही क्विंटलवर जातं, शंभर किलो म्हणजे शंभर किलो, मापात आडत्याशी भांडता येतं. कोणी त्याला 91 किलोचा क्विंटल करून दाखवत नाही.

आता माझंही एक सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळंच चढलं तेव्हा मेसचे 2,800 वाढवायची माझी हिंमत होत नव्हती. पोट्टे बोलतात, दोघेचौघे सोडून जातात. मी महाल भागातून भाजीच्या नव्या वाट्या आणल्या. दिसायला तशाच, पण जरा उथळ. महिनाभर कोणी चकार शब्द काढला नाही. मग यवतमाळचा एक मुलगा, तोंडानं कमी बोलणारा, म्हणाला, "काकू, वाटी बदलली का?" एवढंच. त्या रात्री मी जुन्या वाट्या माळ्यावरून काढल्या आणि एक तारखेपासून तीन हजार केले. तीन जण गेले, दोन परत आले. म्हणून मला माहीत आहे, की माप कमी करणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं. भाव वाढवला तर भांडण होतं, वाटी बदलली तर होत नाही. सोपं असतं ते.

टंचाई मी पाहिलेली आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये नऊ मुलं माझ्याकडे अडकून पडली होती, कोपऱ्यावरच्या दुकानात माणशी दोन किलोच कणिक मिळायची आणि मी सकाळी सहाला रांगेत उभी राहायचे. तेव्हाही दोन किलोचं पाकीट दोन किलोच भरायचं. कमी मिळतंय हे माहीत असायचं, त्याप्रमाणे पोळ्या मोजून वाढायच्या. आता दुकानं भरलेली आहेत, माल ओसंडतोय, आणि घरातलं सामान महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी का संपतं हे बाईला कळत नाही. मग ती आधी स्वतःला दोष देते, नंतर सुनेला, नाहीतर कामवालीला.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. महागाईची टक्केवारी छापा, पण त्याच्या शेजारी दर आठवड्याला नागपूरचे किरकोळ भाव एका चौकटीत द्या. गोकुळपेठ, सक्करदऱ्याचा बुधवारी बाजार, इतवारी, अशा दोन-तीन ठिकाणचे. आणि तेलाचा भाव पाकिटाला नको, किलोला द्या. तुमच्या बातमीदाराला पाकीट उलटून बारीक अक्षर वाचायला सांगा, गरज पडली तर काटा मी देते, आता स्वतःचा घेतला आहे. आणि ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांच्यापर्यंत एवढं पोचवा, की पाकिटांची ठरलेली मापं परत आणा. ते जमत नसेल तर निदान तो एका मापाचा भाव किलोला छापू द्या, सगळ्या तेलांना वजनातच, आणि एमआरपीएवढ्या मोठ्या अक्षरात.

एमपीएससीवाल्याला मी दीडशे परत दिले नाहीत. वही दिली वाचायला. दोन दिवस ठेवून घेतली त्यानं.

कृपया नाव छापू नये.

आपली,
एक मेसवाली,
हनुमाननगर, नागपूर

ता. क. – काटा घरात आल्यापासून मला सगळंच तोलायची खोड लागली आहे. तुमच्या पेपरची महिन्याची रद्दी मागच्या दिवाळीच्या सुमारास चार किलोच्या वर भरायची, वहीत नोंद आहे. या महिन्यात तीन किलो दोनशे भरली. अंकाची किंमत तीच आहे.